दुधाच्या दातांतल्या फटी आणि मागच्या दाढांची पायरी

सिंहगड रस्त्यावर राहणाऱ्या एका आईचा प्रश्न आला आहे. मुलगी साडेचार वर्षांची, ज्युनियर केजीत. शाळेत दातांची तपासणी झाली आणि कार्डावर शेरा आला, ‘क्रॉसबाइट? दाखवून घ्यावे.’ आई लिहितात, ‘तिच्या पुढच्या सगळ्या दातांत फटी आहेत. दात मिटले की खालचे दात दिसतच नाहीत. माझ्या बहिणीच्या मुलाचे दात मात्र मोत्यासारखे, एकाला एक लागून. सासूबाई म्हणतात, दुधाचे दात पडणारच आहेत, डॉक्टर कशाला? नवरा म्हणतो, आत्ताच तारा लावून मोकळे होऊ. काय करू?’

आधी थोडक्यात सांगते. फटींची काळजी सोडून द्या. खालचे दात दिसत नाहीत, त्याचीही या वयात फारशी नको. तारा आत्ता नकोत. क्रॉसबाइटच्या शेऱ्याकडे, म्हणजे वरचा दात खालच्याच्या आत बसतो का या शंकेकडे, मात्र दुर्लक्ष करू नका, महिन्याभरात दाखवा. आणि जमलं तर त्या मोत्यासारख्या दातांच्या भाच्यालाही बरोबर घेऊन जा. तुमच्या घरात दातांच्या जागेची अडचण कोणाला येणार असेल, तर बहुधा त्याला.

मी लहान मुलांचे दात बघते त्याला आता २२ वर्षं झाली. फटी घेऊन काळजीत आलेले पालक आठवड्याला दोन-तीन तरी असतात. फटी नाहीत म्हणून काळजीत आलेलं कोणी मला आठवत नाही. आपल्याकडे दातांत फट म्हणजे नशीब काढलं असं म्हणणाऱ्या आज्याही आहेत, आणि गंमत म्हणजे दुधाच्या दातांपुरतं त्यांचं म्हणणं बरोबर आहे.

हिशेब साधा आहे. दुधाचा वरचा मधला पटाशीचा दात साधारण ६.५ मिलिमीटर रुंद असतो. त्याच्या जागी सात वर्षांच्या आसपास जो कायमचा दात येतो तो ८.५ मिलिमीटरचा. वरचे चारही पटाशीचे दात धरले तर नव्या दातांना जुन्यांपेक्षा सुमारे ७.६ मिलिमीटर जागा जास्त लागते, खालच्या चौघांना सुमारे ६. तिघांच्या बाकावर चौघांनी बसायचं म्हटल्यासारखं आहे हे. ही जास्तीची जागा तीन ठिकाणांहून येते. नवे दात येताना दोन सुळ्यांमधलं अंतर तीनेक मिलिमीटरने वाढतं. नवे दात दुधाच्या दातांसारखे सरळ उभे राहत नाहीत, थोडे पुढे झुकून येतात, म्हणजे मोठ्या कमानीवर बसतात. उरलेली जागा येते ती याच फटींमधून. तुमच्या लेकीच्या तोंडात आज ज्या फटी दिसतात ती तिची शिल्लक आहे. अडीच-तीन वर्षांत ती खर्च होणार आहे.

यातल्या दोन फटींना वेगळं नाव आहे, प्रायमेट स्पेस. वर ती सुळ्याच्या पुढे असते, बाजूचा पटाशीचा दात आणि सुळा यांच्या मध्ये. खाली सुळ्याच्या मागे, सुळा आणि पहिली दाढ यांच्या मध्ये. माकडांच्या तोंडात या जागी समोरच्या जबड्याचा लांब सुळा बसतो, म्हणून हे नाव. सिंहगडावर हातातलं कणीस पळवणारं माकड दात विचकतं ना, तेव्हा कणीस सोडा आणि त्याच्या सुळ्यापाशी बघा. आपले सुळे आखूड झाले, जागा राहिली. १९५० मध्ये बॉम या स्विस दंततज्ज्ञाने मुलांच्या दातांचे साचे वर्षानुवर्षं घेऊन दाखवलं की या फटी एकतर दात येतात तेव्हाच असतात किंवा नसतातच. तिसऱ्या वर्षी ज्याचे दात चिकटून आहेत त्याला पाचव्या वर्षापर्यंत आपोआप फटी पडतील, ही आशा खोटी असते.

आम्हाला शिकवलेला एक जुना ठोकताळा आहे, तो मी अजून वापरते. एका जबड्यातल्या पुढच्या दातांमधल्या फटींची बेरीज ६ मिलिमीटरच्या वर असेल तर कायमच्या पुढच्या दातांची गर्दी सहसा होत नाही. ३ ते ५ असेल तर पाचांतल्या एकाला होते. ३ पेक्षा कमी असेल तर दोघांतल्या एकाला. फट अजिबात नसेल तर तिघांतल्या दोघांना. आणि दुधाचेच दात एकमेकांवर चढलेले असतील तर मग प्रश्नच नाही, गर्दी ठरलेली. हा ठोकताळा आहे, पत्रिका नव्हे. पण मोत्यासारख्या दातांचं कौतुक ऐकलं की मला तो आठवतो आणि मी गप्प बसते. वाढदिवसाला गेलेलं असताना कोणाच्या मुलाचं भविष्य सांगू नये, हे अनुभवाने शिकले आहे.

फटीत एकच अपवाद विचारला जातो. वरच्या दोन मधल्या दातांमध्ये मोठी फट आणि ओठाच्या आतून येणारी मांसाची पट्टी थेट त्या फटीत उतरलेली. ‘ती कापून टाकायची का?’ या वयात नाही. कायमचे सुळे येईपर्यंत बहुतेक वेळा ती फट स्वतःच मिटते. तो निर्णय अकरा-बारा वर्षांचा.

आता खालचे दात दिसत नाहीत ते. बाळ जन्मतं तेव्हा त्याचा खालचा जबडा वरच्यापेक्षा मागे असतो. पहिला दात साधारण सहा ते दहा महिन्यांत येतो, बहुतेकदा खालचा. वरचा आधी आला तर मामाला जड म्हणतात. तसे मामा मी खूप पाहिले, सगळे ठणठणीत आहेत. अडीच-तीन वर्षांपर्यंत वीस दात पुरे होतात. आठ पटाशीचे, चार सुळे, आठ दाढा. तेव्हा वरचे पुढचे दात खालच्यांवर पडद्यासारखे उतरलेले असणं नेहमीचंच. पुढे खालचा जबडा वाढून पुढे येतो, दातांच्या कडा झिजतात, मागून ‘सहा वर्षांची दाढ’, म्हणजे सहाव्या वर्षी येणारी पहिली कायमची दाढ, वर येऊन चाव थोडा उघडते. पाच-साडेपाचला तेच दात कडेला कड लागलेले दिसतात. साडेचारला पडदा आणि सहाला कडेला कड, दोन्ही ठीक. फक्त एक बघा. ‘आ’ करायला सांगून वरच्या दातांच्या मागे टाळूवर खालच्या दातांचे ओरखडे किंवा खळगे दिसतात का? दिसले तर ते डॉक्टरांना सांगा.

कडा झिजलेल्या दिसल्या की पुढचा प्रश्न ठरलेला असतो. ‘झोपेत दात खाते, जंत झालेत का?’ दात खाणं या वयात फार मुलांत असतं. जंतांचं औषध शाळेतून मिळतं, ते जरूर द्या, पण त्याने दात खाणं थांबलेलं मी पाहिलेलं नाही. मला त्याहून महत्त्वाचं वाटतं ते हे, की दात खाणारी मुलगी घोरते का, तोंड उघडं ठेवून झोपते का, उशी ओली होते का. या तिन्हींचं उत्तर हो असेल तर दातांच्या आधी नाक-कान-घशाच्या डॉक्टरांना दाखवा. अॅडेनॉइड, म्हणजे नाकाच्या मागची गाठ, सुजलेल्या मुलाची जीभ टाळूला टेकत नाही, खाली पडून राहते, आणि मग वरचा जबडा अरुंद राहतो. हे पुढे क्रॉसबाइटपाशी पुन्हा येणार आहे.

पण खरी गोष्ट पुढच्या दातांत नाही. सगळ्यांचं लक्ष पुढे असतं, कारण फोटोत तेच येतात. मी मूल खुर्चीत बसलं की आधी गाल बाजूला करते.

घरी करून बघा. मुलीला मांडीवर घ्या, उजेडाकडे तोंड. थुंकी गिळायला सांगा, मग मागच्या दाढा घट्ट मिटायला सांगा. नुसतं ‘चाव’ म्हटलं की मुलं पुढचे दात जुळवतात आणि सगळं चुकतं. आता बोटाने गाल हलकेच बाजूला ओढा आणि सगळ्यात मागच्या दुधाच्या दाढा बघा, वरची आणि खालची. दोघींच्या मागच्या कडा कशा आहेत? सरळ एका रेषेत, जुन्या वाड्याच्या भिंतीसारख्या? की खालच्या दाढेची कड वरचीपेक्षा पुढे, म्हणजे ओठांच्या दिशेला, आहे? की मागे, घशाच्या दिशेला? या तीन उत्तरांत पुढची दहा वर्षं बरीचशी लिहिलेली असतात.

सरळ रेषा सगळ्यात जास्त दिसते आणि ती ठीक असते. ती सरळ का असते हे मजेशीर आहे. खालच्या दाढांचे उंचवटे वरच्यांच्या थोडे पुढे बसतात, तरी मागची कड मात्र जुळते, कारण खालची दुसरी दाढ वरच्या दुसऱ्या दाढेपेक्षा रुंद असते. पुढे मिळालेली आघाडी ती मागे गमावते. आता सहाव्या वर्षी या भिंतीला टेकून कायमची पहिली दाढ येते, वर आणि खाली. भिंत सरळ असेल तर नव्या दाढाही आधी टोकाला टोक लागून उभ्या राहतात. मोठ्या माणसाच्या तोंडात त्या तशा नसतात. खालची अर्धी दाढ पुढे असते आणि दात एकमेकांच्या खाचांत बसतात. ही अर्धी दाढ पुढे जायची कशी?

दोन वेळा संधी मिळते. पहिली लगेच, सहा-सातच्या सुमाराला. खालच्या सुळ्यामागे ती माकडाची फट असेल तर नवी दाढ मागून रेटते, दुधाच्या दोन्ही दाढा पुढे सरकतात आणि फट मिटते. दुसरी संधी दहा ते बाराला. दुधाचा सुळा आणि दोन दाढा यांच्या जागी कायमचा सुळा आणि दोन उपदाढा येतात, आणि इथे पुढच्या दातांच्या उलट होतं, नवे दात जुन्यांपेक्षा लहान असतात. खालची दुधाची दुसरी दाढ जवळजवळ १० मिलिमीटरची, तिच्या जागी येणारी उपदाढ ७ च्या आसपास. अमेरिकेतल्या नान्स या दंततज्ज्ञाने १९४७ मध्ये हे मोजून ठेवलं. प्रत्येक बाजूला वर ०.९ मिलिमीटर वाचतो, खाली १.७. खाली जवळजवळ दुप्पट! म्हणून खालची दाढ वरचीपेक्षा जास्त पुढे सरकते आणि कुलूप बसतं. मला या आकड्यांचं अजूनही नवल वाटतं. एखाद्या सुताराने सांध्यासाठी मुद्दाम सूतभर जागा सोडावी तसं आहे.

खालची कड पुढे असेल, म्हणजे पायरी खालच्या दाढेच्या बाजूने पुढे उतरत असेल, तर उत्तम. नव्या दाढा बहुतेकदा थेट कुलपात बसतात. पायरी फारच मोठी असेल आणि घरात कोणाची हनुवटी पुढे असेल तर जबड्याच्या वाढीवर लक्ष ठेवावं लागतं. आणि खालची कड मागे असेल तर तो जबडा मागेच राहतो, जवळजवळ नेहमीच. अशा मुलांचे वरचे दात पुढे पुढे जातात, आणि हे आपोआप सुधारत नाही. पण त्यावर उपचार साडेचार वर्षांचे नसतात. जबड्याच्या वाढीचा जोर असतो तेव्हा, दहा-बाराच्या आसपास, ते केलेले बरे. आत्ता फक्त माहीत असावं, म्हणजे आठव्या वर्षी खेळताना पडून पुढे आलेला दात तुटू नये म्हणून आपण सावध राहतो.

दातांच्या ठेवणीचे जे ‘क्लास वन, टू, थ्री’ तुम्ही ऐकाल ते अँगल या अमेरिकन डॉक्टरने १८९९ मध्ये केले, आणि ते कायमच्या पहिल्या दाढेवर बेतलेले आहेत. तुमच्या लेकीला ती दाढ अजून आलेलीच नाही. कोणी आत्ताच ‘क्लास टू’ असं ठामपणे सांगितलं तर विनम्रपणे ऐका आणि घरी या.

आता सासूबाईंचं म्हणणं. दुधाचे दात पडणारच आहेत, अगदी खरं. पण कधी? पुढचे सहा ते आठला पडतात, मागच्या दाढा दहा ते बाराला. साडेचार वर्षांच्या मुलीची किडलेली दाढ ‘पडणारच आहे’ म्हणून सोडली तर ती अजून सहा-सात वर्षं तिथे असायला हवी होती, एवढं लक्षात घ्या. दोन दाढांच्या मधली कीड बाहेरून दिसत नाही, पण तिथे दाढ झिजून अरुंद होते आणि मागची दाढ तेवढी पुढे सरकते. नान्सने मोजलेला १.७ मिलिमीटर असा किडीतच निघून जातो. दाढ काढावीच लागली तर सहा वर्षांची दाढ मोकळ्या जागेत कलंडते, आणि खाली थांबलेली उपदाढ दारातच अडकते.

माझीच एक चूक सांगते. प्रॅक्टिसच्या चौथ्या-पाचव्या वर्षी एका पाच वर्षांच्या मुलाची खालची दुसरी दाढ मला काढावी लागली, पू झाला होता. सहा वर्षांची दाढ आल्यावर मी स्पेस मेंटेनर बसवला. मागच्या दाढेला स्टीलची कडी आणि पुढे तारेचा फास, जागा धरून ठेवणारा. चांगला बसला, मी खूश. सहा महिन्यांनी दाखवा म्हणाले, पण कशासाठी ते नीट समजावलं नाही. सिमेंट सुटलं, कडी एकदा पोळीबरोबर तोंडातून बाहेर आली, आईला वाटलं काम झालं असेल, तिने टाकून दिली. ते पुन्हा आले तेव्हा मुलगा नऊ वर्षांचा होता आणि उपदाढेला यायला अर्धीच जागा उरली होती. जी जागा धरून ठेवायला एक कडी पुरली असती ती परत मिळवायला दीड वर्ष तारा लागल्या. तेव्हापासून कडी बसवली की मी आईवडिलांच्या फोनवर तिचा फोटो काढून देते आणि सांगते, ही वस्तू हातात आली तर त्याच आठवड्यात या.

आणि सहा वर्षांची दाढ! ती कोणाच्याही जागी येत नाही, सगळ्यांच्या मागे गुपचूप उगवते. काही पडत नाही म्हणून उंदराला द्यायलाही काही नसतं. अर्ध्याहून जास्त आयांना मी ती दाखवते तेव्हा त्या म्हणतात, ‘ही पण दुधाचीच ना?’ ही जन्मभराची आहे. ती दिसू लागली की ब्रश तिथपर्यंत पोचतो का ते स्वतः बघा.

आता तुमच्या शेऱ्याकडे येऊ. क्रॉसबाइट म्हणजे वरचा दात खालच्याच्या बाहेर असायचा तो आत गेलेला. डब्याचं झाकण डब्याच्या बाहेरून बसायला हवं, ते एका बाजूला आत घसरलं तर कसं, तसं. तो पुढे असू शकतो किंवा मागे. शाळेच्या तपासणीत वीस सेकंदात बघून लिहिलेला शेरा आहे, त्यामुळे प्रश्नचिन्ह आहे, आणि ते प्रश्नचिन्ह लिहिणाऱ्याचा प्रामाणिकपणा आहे.

मागचा क्रॉसबाइट बघायचा तर मुलीला समोर बसवा. तोंड उघडं असताना वरच्या दोन मधल्या दातांमधली रेघ आणि खालच्या दोघांमधली रेघ एकाखाली एक आहेत का बघा. मग अगदी हळू तोंड मिटायला सांगा. शेवटच्या क्षणी हनुवटी एका बाजूला सरकली? रेघा चुकल्या? सरकली असेल तर वरचा जबडा बहुधा दोन्ही बाजूंनी थोडा अरुंद आहे. दात टोकावर टोक येतात, मुलीला ते टोचतं, म्हणून ती जबडा एका बाजूला सारून चावायला जागा शोधते. दिसतो एका बाजूचा क्रॉसबाइट, असतो दोन्हीकडचा अरुंदपणा. दिवसात शेकडो वेळा जबडा असा सरकत राहिला तर वाढत्या हाडाला तेच वळण लागतं आणि पुढे चेहरा एका बाजूला झुकलेला दिसू शकतो. दुधाच्या दातांच्या ठेवणीत मी ज्यासाठी वाट बघत नाही अशी ही जवळजवळ एकमेव गोष्ट आहे.

उपाय कधीकधी हास्यास्पद सोपा असतो. दुधाचे सुळे टोकदार असतात आणि तेच आधी टेकतात. त्यांची टोकं किंचित घासली की जबडा सरळ मिटतो. इंजेक्शन नाही, दुखत नाही, पाच मिनिटं. दर वेळी एवढ्यावर भागत नाही, तेव्हा वरचा जबडा रुंद करणारी तार किंवा प्लेट काही महिने लावावी लागते. मग नवरोबांची तारांची हौस थोडी भागेल. पण ती ‘दात सरळ करण्याच्या’ तारांपेक्षा वेगळी गोष्ट आहे. त्या कायमचे दात आल्यावरच.

पुढचा क्रॉसबाइट असेल, म्हणजे खालचे दात वरच्यांच्या पुढे, तर हळूच सांगा, ‘जीभ जितकी मागे टाळूला लावता येईल तितकी लाव आणि दात मीट.’ तसं करून पुढचे दात कडेला कड लागले तर जबडा सवयीने पुढे सरकतो आहे, हाड बहुधा ठीक आहे. कितीही केलं तरी खालचा जबडा पुढेच राहत असेल, आणि आजोबा, काका, मामा कोणाची हनुवटी तशी असेल, तर हाडाच्या वाढीचा प्रश्न आहे आणि तो लांबणीवर टाकू नये. मात्र तुम्ही लिहिता की खालचे दात झाकलेले आहेत, म्हणजे पुढचा क्रॉसबाइट नसावा. माझा अंदाज मागच्याचा आहे.

म्हणून विचारते, अंगठा? तुम्ही लिहिलं नाही, कोणी लिहीत नाही. अंगठा, चोखणी, किंवा अजून रात्री बाटली. अंगठा चोखताना गाल आत ओढले जातात आणि जीभ खाली राहते, वरच्या कमानीला आतून आधार नसतो आणि बाहेरून दाब असतो. कमान अरुंद होते. पुढे अंगठ्याच्या मापाची उघडी खिडकी तयार होते, दात मिटले तरी पुढे जीभ दिसते. ही खिडकी सवय सुटली की बहुतेकदा आपोआप मिटते, कायमचे पुढचे दात यायच्या आत सुटली तर नक्कीच जास्त चांगली. मागचा अरुंदपणा मात्र तितक्या सहज भरून येत नाही. अंगठ्याला कडुनिंब, कारल्याचा रस, मिरची, पट्ट्या, सगळं पाहिलं. मिरचीवाल्या बाईंना मी ओरडले होते, मुलाने तोच हात डोळ्याला लावला होता. माझ्याकडे चालतं ते कॅलेंडर. अंगठ्याविना गेलेल्या रात्रीवर मुलीने स्वतः टिकली चिकटवायची. आणि रागवायचं नाही, अजिबात नाही. साडेचारला मुलं समजूतदार असतात, तिला स्वतःला सोडायचं असेल तर महिन्या-दोन महिन्यांत सुटतो. रात्रीच्या बाटलीबद्दल इथे लिहीत नाही, ती आज बंद करा, एवढंच.

अजून दोन गोष्टी पटकन, कारण वर्षा-दोन वर्षांत तुम्ही त्या घेऊन येणारच. खालच्या दुधाच्या दातांच्या मागे, जिभेच्या बाजूला, कायमचे दात उगवून दोन रांगा दिसतील. घाबरू नका. दुधाचा दात हलत असेल तर तिलाच हलवू द्या, तो पडला की जीभ मागच्याला पुढे आणते. दोन-तीन महिने झाले आणि दुधाचा हललाच नाही तर काढू. आणि आठ ते अकराच्या दरम्यान वरचे चार दात पंख्यासारखे पसरलेले, मधे फट असे दिसतील. वरून उतरणारे सुळे त्यांच्या मुळांना रेटत असतात. सुळे आले की बहुतेक वेळा तो पंखा मिटतो. त्या वयात घाईने तारा लावून पंखा मिटवायला गेलं तर सुळ्यांच्या वाटेत मुळं आडवी येऊ शकतात.

दाखवायला कोणाकडे जायचं? लहान मुलांच्या दातांचा डॉक्टर, म्हणजे पेडोडाँटिस्ट, असेल तर बरं. खासगीत जायचं नसेल तर तुम्हाला वडगाव बुद्रुकचं सिंहगड डेंटल कॉलेज जवळ आहे, धनकवडीला भारती विद्यापीठाचं आहे, कॅम्पात आझम कॅम्पसमध्ये रंगूनवाला. डेंटल कॉलेजांत खर्च सहसा कमी येतो, फक्त वेळ हाताशी ठेवून जा आणि सकाळी लवकर. शिकाऊ डॉक्टर बघतात म्हणून नाक मुरडू नका, त्यांच्या मागे शिकवणारे उभे असतात आणि मूल घाईत उरकलं जात नाही.

जाताना मुलीचं खाणं-झोपणं झालेलं असू दे. ‘काही दुखणार नाही’ असं आधीच बजावू नका, दुखण्याचा विचार तिच्या डोक्यात तुम्हीच घालता. फक्त ‘दात मोजायला जाऊ’ म्हणा, कारण खरंच तेवढंच होणार आहे. डॉक्टरांना तीनच प्रश्न विचारा. मिटताना जबडा सरकतो का? मागच्या दाढांची कड कशी आहे? दाढांच्या मधे कीड आहे का? तिसऱ्यासाठी छोटा एक्सरे लागू शकतो, तो घ्यायला हरकत नाही. पूर्ण तोंडाचा मोठा एक्सरे या वयात कारण विचारल्याशिवाय नको.

आणि आज संध्याकाळी, उजेड असेपर्यंत, ते गाल बाजूला करून दोन्हीकडचे फोटो काढून ठेवा. एक मिटलेल्या दातांचा समोरून, एक उजवीकडून, एक डावीकडून. सहा महिन्यांनी पुन्हा तेच तीन. कुठल्याही डॉक्टरला ते सहा फोटो दाखवलेत तर तुमचं अर्धं बोलणं वाचेल. जबडा सरकताना दिसला तर त्याचा दहा सेकंदांचा व्हिडिओ घ्या, कारण दवाखान्यात मुली हमखास नीट चावून दाखवतात.